जुव्यावरचा उन्हाळा: आधी विहीर, मग वस्ती

माडाखाली

मालवणजवळच्या कालावल खाडीत, गड नदी समुद्राला मिळायच्या आधी जिथे पसरते, तिथे लहान-मोठे जुवे, म्हणजे बेटं, आहेत. काहींवर नुसतं कांदळ (खारफुटी), काहींवर माडाच्या बागा आणि घरं. आमचं घर अशाच एका जुव्यावर आहे. नाव देत नाही, कारण जे मांडायचंय ते पाणखोल जुव्याला, खोत जुव्याला आणि तिकडे राजापूर तालुक्यातल्या जुव्यालाही तितकंच लागू पडेल.

बाहेरच्यांना जुवा म्हटला की पावसाळा डोळ्यांसमोर येतो. पण इथला खरा भरगच्च हंगाम उन्हाळ्याचा. शाळांना सुट्टी पडली की तरीवर (होडीच्या उतारावर) एकेक होडी माणसांनी आणि बोचक्यांनी भरून येते. वर्षभर कुलूप असलेली घरं उघडतात, कौलं परतली जातात, अंगणं सारवली जातात. खळ्यात एका बाजूला आमसुलं, दुसऱ्या बाजूला फणसाची साठं, मधे मीठ लावलेले बांगडे आणि त्यांच्यावर नजर ठेवून बसलेलं एखादं पोर. संध्याकाळी वारा सुटला की सगळी वस्ती धक्क्यावर.

गेल्या काही वर्षांत यात भर पडली. काही जणांनी जुनी घरं डागडुजी करून पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, दोघा-तिघांनी बागेत छोटी कॉटेजं बांधली. मला याचा मनापासून आनंद आहे. ओसाड पडलेल्या घरात पुन्हा दिवा लागतो ही साधी गोष्ट नाही. पण एक गोष्ट आता उघड बोलायला हवी. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याची भरवशाची विहीर एकच आहे. बाकीच्या वापरायच्या. एप्रिल सरता सरता तिचं पाणी मचूळ लागायला लागतं. पूर्वी हे मिरगाच्या (जूनच्या सुरुवातीच्या मृग नक्षत्राच्या) तोंडावर व्हायचं, आता आंब्याच्या भर हंगामातच होतं. मग खाडीपलीकडून हंडे, कळश्या, वीस लिटरचे कॅन होडीतून आणावे लागतात, तेही भरती बघून. सुकतीला (ओहोटीला) होडी धक्क्याला लागत नाही आणि चिखलातून भरला हंडा आणणं काय असतं ते ज्यांनी आणलाय त्यांनाच माहीत.

परवा वाडीच्या बैठकीत आणखी खोल्या बांधायचा विषय निघाला. कुणी जेटीचं बोललं, कुणी विजेच्या दाबाचं, कुणी मोबाईलच्या रेंजचं. विहिरीचं शेवटी, उठता उठता. माझं म्हणणं एवढंच आहे की क्रम उलटा हवा. विहीर मेअखेर किती माणसांना पुरते हे आधी ठरवा, वस्ती किती वाढवायची ते त्यावरून ठरेल. जुवा किती मोठा आहे यावरून नाही.

तुमच्याकडच्या जुव्यांवर, बेटांवर, खाडीकाठच्या वाड्यांवर हे कसं चालतं ते लिहा.

---

डिलाईल_रोड

वाचता वाचता थेट कणकवली स्टेशनावर उतरलो. आमचा जुवा तुमच्याच शेजारचा असणार.

आम्ही मुंबईची पोरं पोहायला तिथेच शिकलो. सोडणासकट (वरच्या सालीसकट) दोन सुके नारळ एकमेकांना दोरीने बांधायचे, ती दोरी पोटाखाली घ्यायची आणि आज्याने धक्क्यावरून ढकलून द्यायचं. नारळ काखेच्या दोन्ही बाजूंना तरंगतात, माणूस बुडत नाही. फक्त सुकती सुरू झाल्यावर पाण्यात उतरायचं नाही, हा एकच कडक नियम होता, कारण ओढ समुद्राकडे असते. भरतीचं पाणी मात्र पोराला आत, घराकडेच आणतं.

आता मूळ मुद्दा. आम्ही चाकरमानी वर्षातून पंधरा-वीस दिवस येतो आणि मुंबईच्या सवयीने पाणी वापरतो. टाकीवर पंप, नळ उघडा ठेवून दात घासणं, पोरांना दिवसातून दोनदा आंघोळ. घरात राहणाऱ्या काका-काकूला ते दिसतं, पण आलेल्या माणसाला बोलणार कसं म्हणून ती गप्प बसतात. तेव्हा पर्यटकांच्या खोल्या मोजताना आमची डोकीही मोजा. मे महिन्यात आम्हीही पाहुणेच असतो.

एक विचारायचं होतं: वापरायच्या विहिरींवर पंप आहेत, तसा पिण्याच्या विहिरीवर अजून नाही ना?

---

सुरंगी

मी लग्न होऊन जुव्यावर आले. माहेर सावंतवाडीकडचं, डोंगरातलं. त्यामुळे खाडीचं सगळं इथे येऊन शिकले.

माडाखाली, तुम्ही लिहिलंत ते खरंच, पण उन्हाळा म्हणजे बायकांना काय असतं तेही इथे यायला हवं. मे महिना आमच्यासाठी बेगमीचा. जून ते ऑगस्ट खाडी फुगली की दोन-दोन दिवस पलीकडे जाता येत नाही. म्हणून मसाला, कुळीथ, वाल, उकडे तांदूळ, मीठ, सुकी सुंगटं (कोळंबी), लाकूडफाटा सगळं आत आणून कोरडं ठेवायचं. चुडतांचे (माडाच्या झावळ्यांचे) झाप विणून पडवीला लावायचे, नाहीतर पश्चिमेची झड थेट चुलीपर्यंत येते. आमसुलांचं काम तर दिसतं त्याहून मोठं. रातांबे फोडायचे, साली वेगळ्या, बिया आणि गर वेगळा, त्याच रसात मीठ घालून साली पुन्हा पुन्हा बुडवायच्या आणि पुन्हा पुन्हा सुकवायच्या. मधेच वळीव आला तर धावत सगळं आत. आणि हे सगळं घर पाहुण्यांनी भरलेलं असताना.

यात सुख नाही असं नाही. पुनवेच्या-अवसेच्या आसपास सुकती भल्या पहाटे आणि संध्याकाळी येते, म्हणजे उन्हाचा त्रास नसतो. तेव्हा आम्ही चार-पाच जणी मुळे (चिखलातले शिंपले) काढायला उतरतो. गुडघाभर पाण्यात पायाच्या बोटांनी चिखल चाचपायचा, कडक काही लागलं की वाकून काढायचं आणि कमरेच्या टोपलीत टाकायचं. मुळ्याची धार बोटाला लागते, कालवं काढताना तर हात फाटतातच. पण त्या दोन तासांत जेवढं बोलणं होतं तेवढं वर्षभर होत नाही. मग काठावरून सासूबाईंची हाक येते, "भरती लागली गो, भायर येवा!"

पाण्याबद्दल. पिण्याच्या विहिरीवर पंप नाही, डिलाईल_रोड. सासूबाई बसू देत नाहीत. पूर्वी बागा शिंपायला लाट (आडव्या दांड्याला भार बांधून हाताने पाणी काढायची सोय) होती, तिने पाणी वरच्यावर आणि हळूहळू निघायचं. पंप आले आणि बागेच्या दोन विहिरी पाठोपाठ खाऱ्या झाल्या, हे त्यांनी स्वतः पाहिलंय. "पंप लावशात तर बाव जातली," म्हणजे विहीर जाईल, एवढंच त्या म्हणतात. कारण त्यांना सांगता येत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, म्हणजे बैठकीत मला तोंड उघडता येईल.

---

मुठेकाठी

मी पुण्याची, कोकणातली नाही, पण दर उन्हाळ्यात तिकडे येते. वाचून राहवलं नाही म्हणून विचारते. विहीर खारट होते तर खोल बोअरवेल का घेत नाही? आमच्याकडे वरचं पाणी आटलं की खालचं मिळतं. आणि इतका पाऊस पडणाऱ्या जागी पाणी कमी कसं?

---

खडक_पाणी

सुरंगीताई, तुमच्या सासूबाईंचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. भूशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुवा हा नदीने आणि भरतीने आणून टाकलेल्या वाळू-गाळाचा ढीग असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं. चहूबाजूंनी आणि खालूनही खारं पाणी. गोडं पाणी वजनाला हलकं, समुद्राचं सुमारे अडीच टक्के जड. म्हणून गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं, मधे जाड आणि कडांना पातळ अशा भिंगाच्या आकारात. तुमची चांगली विहीर जुव्याच्या मधल्या भागात असणार आणि खाऱ्या झालेल्या विहिरी काठाकडे. बघा पडताळून.

घीबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी हे गणित १८८८ आणि १९०१ मध्ये स्वतंत्रपणे मांडलं. समुद्रपातळीच्या वर १ फूट गोडं पाणी उभं असेल तर खाली साधारण ४० फूट गोडं पाणी असू शकतं. प्रत्यक्षात जुवा अरुंद असतो, भरती-ओहोटीने गोडं-खारं घुसळत राहतं, त्यामुळे थर यापेक्षा बराच पातळ भरतो. पण गणिताची उलटी बाजू महत्त्वाची आहे. वरची पातळी वीतभर खाली गेली की खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकू पाहतं. पंपाने एकाच जागी जोरात उपसा केला तर नेमकं विहिरीच्या बुडाखाली खाऱ्या पाण्याचा उंचवटा तयार होतो आणि तो विहिरीत शिरतो. लाटेने किंवा पोहऱ्याने तितक्या वेगाने पाणी निघतच नाही, त्यामुळे आजूबाजूचं गोडं पाणी झिरपायला वेळ मिळतो. एकदा खारं वर चढलं की उपसा थांबवूनही लगेच उतरत नाही, पावसाळे जावे लागतात.

मुठेकाठी, म्हणूनच बोअरवेल हा इथला उपाय नाही. पुण्याखाली बेसाल्ट आहे, भेगांमध्ये खाली पाणी सापडू शकतं. जुव्यावर जितकं खोल जाल तितकं खाऱ्याच्या जवळ जाता. पाऊस भरपूर पडतो, पण वाळू तो धरून ठेवत नाही, कडांनी खाडीत सोडत राहते. त्यात उन्हाळ्यात नदीला वाहतं पाणी उरत नाही, मग समुद्राचं पाणी खाडीत खूप आत येतं. पावसाळ्यात जी खाडी जवळजवळ गोडी असते तीच मे महिन्यात खारी होते.

बैठकीत न्यायला एक आकडा देतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. मार्चपासून दर पंधरवड्याला नमुना तपासून वहीत लिहून ठेवा. दोन-तीन उन्हाळ्यांची वही असेल तर वाद घालावा लागणार नाही.

आणखी एक, याकडे फार कुणी बघत नाही. वाळूत शोषखड्ड्याचं पाणी झपाट्याने विहिरीकडे जातं. नवीन संडास बांधताना विहिरीपासून १५-२० मीटर तरी अंतर ठेवा, शक्य तितकं जास्तच.

---

पडवीतला

मी त्या खोल्या काढणाऱ्यांपैकी एक, म्हणून माझी बाजू मांडतो.

मुंबईत नोकरी होती, सोडून आलो. माझ्या पिढीतले बहुतेक जण गोव्याला किंवा मुंबईला गेले. जुव्यावर राहून पोट भरायचं तर मासे, माड आणि आता पाहुणे एवढेच मार्ग. पाहुणे येतात म्हणून तरीची होडी दिवसातून जास्त फेऱ्या मारते आणि त्याचा फायदा आजारी माणसाला, शाळेतल्या मुलांना होतो. माझ्याकडे जेवण रांधायला तीन घरांतल्या बायका येतात. सोलकढी, मुळ्यांचं सुकं, घावणे हे त्यांच्याच हातचं, आणि पाहुणे त्यासाठीच परत येतात. तेव्हा खोल्या म्हणजे विहिरीचा शत्रू असं चित्र उभं राहू नये.

पण पाण्याचं मला मान्य आहे आणि मी त्यावर पैसे घातलेत. कौलांना पन्हळ लावून पावसाचं पाणी टाकीत घेतो. हिशेब सोपा आहे. १००० चौरस फुटांच्या छपरावर आपल्याकडचा साधारण ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे पावणेतीन लाख लिटर पाणी. ८० टक्के हाती लागलं तरी सव्वादोन लाख. पाणी कमी नाही, ठेवायला जागा कमी आहे. २०,००० लिटरची टाकी बांधली तर १० माणसांना पिण्या-रांधण्यासाठी माणशी २० लिटर धरून १०० दिवस जातात. म्हणजे मार्च ते मिरग. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्यायचं, कारण कौलांवरची घाण त्यात येते. नंतरचं गाळून घ्यायचं, टाकीवर घट्ट झाकण, उजेड आत जाता कामा नये.

तेव्हा नियम करायचाच तर असा करा: जो खोली काढेल त्याने टाकी बांधावी. खोल्यांना बंदी नको.

---

माडाखाली

पडवीतला, तुमच्याशी माझं भांडण नाहीच. तुमच्यासारखी टाकी सगळ्यांनी बांधली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. टाकीचा नियम मला पूर्ण मान्य.

फक्त त्यात दोन गोष्टी वाढवाव्यात असं वाटतं. टाकीने पिण्याचं भागेल, पण आंघोळ, कपडे, संडास यांचं पाणी वापरायच्या विहिरींतूनच जाणार, आणि ते सगळं एकाच भिंगातलं आहे हे खडक_पाणी यांनी आता समजावलं. म्हणून एकूण डोक्यांची मर्यादा लागेलच, चाकरमान्यांसकट. दुसरं म्हणजे काठापासूनचं अंतर. किनारपट्टी नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत खाडीतल्या बेटांसाठी भरतीरेषेपासून २० मीटरचा पट्टा आहे. तो कागदावर आहे म्हणून नव्हे, तर आमचा काठ दरवर्षी खचतो म्हणून तरी पाळला पाहिजे. माझ्या लहानपणी जिथे आम्ही विटीदांडू खेळायचो तिथून आता होडी जाते.

---

पागवाला

काठ खचतो त्याचं एक मोठं कारण वाळू. खाडीच्या तळातून ओरबाडून काढलेली वाळू कुठून तरी भरून यायला लागते, आणि ती जुव्याच्या काठाखालून येते. वर माड उभा दिसतो, खाली मुळं उघडी. एका उधाणाला आडवा. परत तळ खोल झाला की समुद्राचं पाणी आणखी आत येतं, म्हणजे विहिरीचा प्रश्नही तिथेच वाढतो. डुबी मारून बादलीने वाळू काढणारा माणूस वेगळा आणि रात्री पंप लावून उपसणारा वेगळा. दोघांना एका मापाने मोजू नका, पहिल्याचं पोट त्यावर आहे.

कांदळ तोडू नका, एवढं तरी सगळ्यांनी धरावं. पाहुण्यांना खाडी दिसावी म्हणून समोरची चिप्पी (कांदळाचीच एक जात) छाटतात, ते बघून जीव तुटतो. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळतोडीला बंदी आहे आणि भोवती ५० मीटर राखायचेत. पण कायदा सोडा. तांबोशी, काळुंदर, पालू, कुर्ल्या यांची पिल्लं त्या मुळांतच वाढतात. कांदळ गेलं की पाग (हाताने फेकायचं जाळं) रिकामा.

पाहुण्यांनी विचारावं असं एक म्हणजे भरतीची वेळ. जुन्या माणसांचा हिशेब साधा: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा मुंबईकडचा हिशेब, मालवणकडे भरती थोडी आधी येते, आणि खाडीत आत जावं तशी पुन्हा उशिरा. आपापल्या धक्क्याचा फरक तरीवाल्याला विचारून घ्यायचा. पुनवेला-अवसेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मे अखेरीस धक्क्यावर वेगळीच गडबड. जाळी धुऊन वाळवायची, होड्या वर ओढून झापांखाली झाकायच्या. ज्याला जुव्यावरचं काम बघायचंय त्याने तेव्हा यावं, आणि हात द्यायची तयारी ठेवून यावं.

---

दिवाडकर

गोव्यातून लिहितोय. आमची दिवाडी आणि पलीकडची चोडण ही मांडवीतली बेटं तुमच्यापेक्षा पुष्कळ मोठी, शेती आहे, देवळं-चर्च आहेत, फेरीबोटीत गाड्याही चढतात. पूल हवा की नको हा वाद आमच्याकडे आहे. पूल नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की फेरीमुळे येणाऱ्यांवर आपोआप एक मर्यादा राहते. दुसऱ्यांचं म्हणणं, रात्री कुणाला छातीत कळ आली तर मर्यादा काय कामाची? दोघांचंही खरं आहे. तुम्ही विहिरीवरून माणसं मोजायचं म्हणताय, ते मला जास्त पटतं, कारण त्यात आजारी माणसाची वाट अडत नाही. होडी, इंजिन, धक्का हे सगळं सुधारा, फक्त मुक्कामाची डोकी मोजा.

---

सुरंगी

खडक_पाणी सर, तुमचं लिहिणं मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी दोनदा वाचायला लावलं. वही आजपासून सुरू केली आहे, पहिला नमुना उद्या पलीकडे जाणाऱ्या होडीतून पाठवते. पडवीतला भाऊजींच्या टाकीचं मी बैठकीत मांडते. बचत गटातून तीन घरांना मिळून एक टाकी होईल का ते बघायचं आहे, कारण सगळ्यांना एकेकटी परवडणार नाही. आणि पिण्याच्या विहिरीवर पंप नाही हे आता ठरावातच लिहून घ्यायचं.

---

मुठेकाठी

सगळ्यांचे आभार. बोअरवेलचं आता नीट कळलं. या उन्हाळ्यात यायचा विचार होता. यावं की नाही? आलं तर कधी, आणि काय पाळावं?

---

माडाखाली

जरूर या. न येण्याने विहीर वाचणार नाही, समजून आलात तर वाचेल.

एप्रिलचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला. काजू-आंबा असतो, पाणी गोडं असतं, चाकरमानी अजून आलेले नसतात. पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपास धरा. दुपारच्या आधी भरती असते त्यामुळे होडी थेट धक्क्याला लागते आणि संध्याकाळच्या सुकतीला सुरंगीताईंबरोबर मुळे काढायला उतरता येईल. जुने बूट आणा, कालवांनी पाय कापतात. आंघोळीला एक बादली, त्यात भागवा. शॅम्पू-साबण विहिरीच्या आसपास नको. प्लास्टिक जेवढं आणाल तेवढं परत घेऊन जा, जुव्यावर कचऱ्याची गाडी येत नाही.

मेच्या मध्यानंतर यायचं असेल तर आधी फोन करा. २०२१ मध्ये तौक्ते वादळ मे महिन्यातच, १६ तारखेला आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. माड पडले, तारा तुटल्या, होड्या सापडेनात. बंदरावर वादळाचा बावटा लागला असेल तर तिकीट काढलेलं असलं तरी येऊ नका. आणि वहीतला आकडा वर गेला असेल तर आम्ही स्पष्ट नाही म्हणू, पुढच्या वर्षीची तारीख देऊ. राग मानू नका.